देह सज्ज ठेवणारा मस्तिष्कस्तंभ : प्रस्तावना

महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून मृत्यूची एक खूण कायद्याने मेंदूच्या तळाशी ठरवून दिलेली आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा केंद्रीय कायदा त्या दिवशी महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. हृदय धडधडत असेल, यंत्राच्या आधाराने छाती वरखाली होत असेल, तरीही मस्तिष्कस्तंभाचे सगळे कार्य कायमचे थांबले आहे असे चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून लिहून दिले, की अवयवदानापुरती ती व्यक्ती मृत मानली जाते. बुद्धी, स्मृती आणि भाषा ज्या मोठ्या मेंदूत नांदतात असे आपण मानतो, त्याला कायद्याने हा मान दिला नाही. तो मिळाला साधारण अंगठ्याएवढ्या जाडीच्या, सात-आठ सेंटिमीटर लांबीच्या एका देठाला. असे का, याचे उत्तर ‘श्वास तिथून चालतो’ एवढ्यावर संपत नाही. माणूस पावले टाकतो, जागा राहतो आणि झोपी जातो, या तिन्ही गोष्टींचे मूळ नियंत्रण याच देठात शेजारी शेजारी, पुष्कळदा एकमेकांत मिसळून बसलेले आहे. हे पुस्तक त्या देठाविषयी आहे. चालणे, जागणे आणि झोपणे ही शरीराची तीन वेगळी खाती नाहीत, देह कृतीसाठी सज्ज ठेवायचा की सैल सोडायचा या एकाच प्रश्नाची ती उत्तरे आहेत, असे माझे म्हणणे आहे. पुढची पाने वाचताना वाचकाने हे म्हणणे पारखून घ्यावे.

शाळेच्या पुस्तकातून मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मस्तिष्कपुच्छ ही नावे आपल्या ओळखीची झालेली असतात. मस्तिष्कस्तंभ म्हणजे वरचा मध्यमस्तिष्क, मधला फुगीर सेतू आणि खालचे मस्तिष्कपुच्छ असे तीन भाग मिळून बनलेला दुवा. त्याच्या खाली मेरुरज्जू सुरू होतो आणि वर मोठ्या मेंदूचे दोन गोलार्ध पसरतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांतला फारच थोडा वाटा या देठाकडे येतो. पण पेशींच्या संख्येवरून कामाचे मोल ठरवता येत नाही. सेतूमध्ये लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे. दोन्ही बाजूंच्या मिळून त्यात काही दहा हजारच पेशी असतात, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पोहोचतात आणि जागेपणी त्याला नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन पुरवतात. अशा केंद्रांच्या मधल्या जागेत पेशी आणि तंतूंची दाट गुंतागुंत भरलेली आहे. तिला जालरचना म्हणतात. या जालरचनेतून एक वाट वर, मोठ्या मेंदूला जागे ठेवायला जाते आणि दुसरी खाली, मेरुरज्जूतून स्नायूंचा ताण सांभाळायला. वर जाणारी आणि खाली येणारी वाट एकाच गाठीतून फुटते, ही या विषयातली पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट.

या रचनेचे काम पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात संध्याकाळी जालना रस्ता ओलांडणारा कोणताही माणूस पाहावा. दुभाजकाच्या कडेला तो थांबतो, वाहनांत फट दिसताच पाऊल उचलतो. मध्येच एक रिक्षा आडवी येते आणि उचललेला पाय टेकताच तो जागीच थबकतो. धड पुढे झुकलेले असते, तरी तोल जात नाही. मग तो डावीकडे वळतो आणि तीन-चार झपाट्याच्या पावलांत पलीकडचा काठ गाठतो. ‘आता जाऊ’ हा निर्णय मोठ्या मेंदूचा, यात वाद नाही. पण चाल सुरू करणे, तिचा वेग ठरवणे, थांबणे, वळणे आणि या सगळ्यात उभे राहणे, यांसाठी मस्तिष्कस्तंभात वेगवेगळे पेशीसमूह आहेत, हे गेल्या दहा-बारा वर्षांत उंदरांवरील प्रयोगांतून बारकाईने दिसले. चेताशास्त्रज्ञ ओले कीन यांच्या गटाने २०१५ मध्ये चालत्या उंदराला थांबवणाऱ्या पेशी दाखवल्या. २०१८ मध्ये सावकाश हिंडण्यासाठी आणि जीव घेऊन पळण्यासाठी मध्यमस्तिष्कात दोन वेगळी केंद्रे असल्याचे स्पष्ट झाले. २०२० मध्ये असे दिसले की थांबवणाऱ्या त्याच जातीच्या पेशी फक्त एका बाजूच्या चेतवल्या, तर प्राणी त्या बाजूला वळतो. चौकाचाच आणखी एक दाखला घेऊ. ९ ऑगस्ट २०१६ रोजी याच क्रांती चौकातून पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला. लाखो माणसे घोषणा न देता, मुंगीच्या पावलांनी, थांबत आणि पुन्हा निघत चालली. त्यांची मने मागण्यांत गुंतलेली होती आणि दर पावलाचा हिशेब देठ पाहत होता. एवढी संथ चाल तासन्‌तास सांभाळणे हे धावण्याइतकेच नाजूक काम आहे.

चालण्याचा अभ्यास करणारी परंपरा जुनी आहे. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९८ मध्ये मांजराचा मोठा मेंदू मध्यमस्तिष्काच्या पातळीवर वेगळा केला, तेव्हा त्या मांजराचे पाय लुळे न पडता ताठ झाले. खालच्या भागांत उभे राहण्याची ताकद मुळातच आहे आणि वरचे भाग तिला आवर घालतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. १९११ मध्ये टॉमस ग्रॅहम ब्राऊन यांनी दाखवले, की पावलांची लय मेरुरज्जू स्वतःच निर्माण करू शकतो, त्यासाठी पायांकडून संवेदना यायलाच हवी असे नाही. मग मेंदूकडे काम उरले कोणते? या प्रश्नाचे उत्तर १९६६ मध्ये मॉस्कोत मिळाले. शिक, सेव्हेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मोठा मेंदू वेगळा केलेले मांजर फिरत्या पट्ट्यावर उभे केले आणि मध्यमस्तिष्काच्या एका छोट्या जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला. मांजर चालू लागले. प्रवाह वाढवला तेव्हा ते दुडक्या चालीने निघाले आणि आणखी वाढवल्यावर चौखूर उधळले. पायाच्या कोणत्या स्नायूने कधी आखडावे याचा तपशील त्या प्रवाहात नव्हता. ‘चाल’ आणि ‘किती जोराने’ एवढेच त्यात होते. लय मेरुरज्जूची, हुकूम मस्तिष्कस्तंभाचा आणि हेतू मोठ्या मेंदूचा, ही विभागणी तेव्हापासून या शाखेचा पाया ठरली.

झोप आणि जाग यांचा अभ्यास करणारी दुसरी परंपरा एका साथीतून सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत, काहींना झोप अजिबात येत नसे. व्हिएन्नाचे कॉन्स्टँटिन फॉन इकॉनोमो यांनी १९१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि मृतांचे मेंदू तपासून एक साधी पण दूरगामी गोष्ट नोंदवली. अतिझोपेच्या रुग्णांत इजा मध्यमस्तिष्क आणि त्याच्या लगेच वरचा अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) यांच्या सांध्यावर होती, निद्रानाशाच्या रुग्णांत ती अधश्चेतकाच्या पुढच्या भागात होती. म्हणजे जागे ठेवणारी आणि झोपवणारी जागा वेगळी. त्याआधी झोप म्हणजे थकलेल्या मेंदूचे विझणे, अशीच सर्वसाधारण समजूत होती. बेल्जियमच्या फ्रेडरिक ब्रेमर यांनी १९३५ च्या सुमारास मांजराच्या मस्तिष्कस्तंभाला दोन वेगळ्या पातळ्यांवर छेद दिले. छेद सगळ्यात खाली घेतला, तर मांजराचा मेंदू झोपे आणि जागा होई. तोच मध्यमस्तिष्कात घेतला, तर मेंदूच्या लहरी कायमच्या झोपेसारख्या संथ होत. संवेदना पोहोचत नाहीत म्हणून असे होते, असे ब्रेमर यांना वाटले. १९४९ मध्ये ज्युसेप्पे मोरुझी आणि होरेस मॅगून यांनी ते स्पष्टीकरण मोडीत काढले. जालरचनेला विद्युतप्रवाह दिला, की गुंगीतल्या मांजराच्या मोठ्या, संथ लहरी जाऊन जागेपणीच्या लहान, जलद लहरी उमटत. मेंदू जागा ठेवणे हे जालरचनेचे स्वतंत्र काम होते, संवेदनांचा तो निव्वळ परिणाम नव्हता.

त्यानंतर दहाच वर्षांत झोपेचे चित्रही पालटले. १९५३ मध्ये युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या जलद नेत्रहालचालींची अवस्था नोंदवली. फ्रान्समधल्या लियाँ येथील मिशेल जुव्हे यांनी १९५९ पासून दाखवत नेले, की या अवस्थेचा उगम सेतूमध्ये आहे आणि तिच्यात मेंदू जागेपणाइतका चपळ असूनही मान आणि हातपाय पूर्ण सैल पडतात. सेतूचा एक छोटा भाग निकामी केला, तर झोपलेले मांजर त्याच अवस्थेत उठे, डोके हलवी, अदृश्य भक्ष्यावर झेप घेई. स्वप्नाच्या काळात देठ शरीराला कुलूप लावतो, याचा हा पुरावा होता. त्याच सुमारास इटलीत पिसा येथे मोरुझींच्या गटाने सेतूच्या मधोमध छेद घेतला, तेव्हा मांजर नेहमीपेक्षा जास्त जागे राहिले. म्हणजे देठाच्या खालच्या भागात झोपेकडे नेणारे बळही आहे. पुढे रसायनांचा अभ्यास वाढला. १९७५ मध्ये ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मकार्ली यांनी सेतूतल्या दोन पेशीसमूहांच्या आळीपाळीने चालण्याचे गणित मांडले. १९९८ मध्ये अधश्चेतकातले ओरेक्सिन हे जागवणारे रसायन सापडले आणि लवकरच हेही उमगले, की दिवसा अचानक झोपेने कोसळवणाऱ्या नार्कोलेप्सी या आजारात ते बनवणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात. याच काळात क्लिफर्ड सेपर यांनी जाग आणि झोप यांची केंद्रे एकमेकांना दाबून ठेवतात, म्हणून आपण अर्धवट अवस्थेत फार वेळ रेंगाळत नाही, ही मांडणी रूढ केली.

चालण्याची शाखा आणि झोपेची शाखा अशा समांतर वाढल्या. त्यांची नियतकालिके वेगळी, अधिवेशने वेगळी, रुग्णांची दारेही वेगळी. पण ही फारकत विषयाच्या स्वभावातून आलेली नाही. मॅगून यांनी १९४९ मध्ये जागृतीचे काम प्रसिद्ध केले, त्याच्या तीनच वर्षे आधी, १९४६ मध्ये, ऱ्हाइन्स यांच्यासह त्यांनी जालरचनेच्या खालच्या भागात स्नायूंचा ताण उतरवणारी जागा दाखवली होती. एकाच माणसाने एकाच उतीत आधी खालची वाट शोधली आणि मग वरची. पुढच्या पिढ्यांनी त्या वाटा वाटून घेतल्या. त्या पुन्हा जुळतात कशा, याचा सर्वांत चांगला दाखला मध्यमस्तिष्काच्या खालच्या टोकाशी, सेतूच्या सीमेवर असलेल्या पेडंक्युलोपॉन्टाइन केंद्रात मिळतो. चालण्याचे अभ्यासक त्याला चाल सुरू करणाऱ्या प्रदेशाचा भाग मानतात. झोपेचे अभ्यासक त्यालाच जागेपणी आणि स्वप्नावस्थेत मोठ्या मेंदूला चेतवणारे केंद्र म्हणून ओळखतात. दोघांचेही खरे आहे. जागे होणे म्हणजे नुसते डोळे उघडणे नव्हे. मान सावरणे, पाठीचा ताण परत येणे, उठून दोन पावले टाकता येईल अशी तयारी होणे हे सगळे त्याच क्षणात घडते. झोप लागताना हे सगळे उतरते, स्वप्नात तर पुरते बंद होते. शरीराची सज्जता आणि मनाची जाग एकाच ठिकाणी बांधलेली आहेत.

ही बांधणी तुटते तेव्हा काय होते, हे कंपवाताने दाखवले आहे आणि त्याबाबत महाराष्ट्राचा वाटा जगाच्या वैद्यकशास्त्रात नोंदलेला आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींमधल्या १४,०१० लोकांची घरोघरी पाहणी करून भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यांना दर लाखामागे ३२८.३ असे कंपवाताचे प्रमाण आढळले. त्या समाजात वृद्धांचा वाटा मोठा होता, हे त्यामागचे एक कारण. आज उरलेला महाराष्ट्रही त्याच वयाकडे सरकतो आहे. कंपवात म्हणजे हाताची थरथर, एवढीच ओळख घरोघरी असते. पण हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मेंदूंचे छेद तपासून मांडले, की पुष्कळ रुग्णांत या आजाराच्या खुणा आधी मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात उमटतात आणि मग वर चढत जातात. जुव्हे यांच्या मांजरासारखी अवस्था माणसातही असते, हे १९८६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटाच्या शेंक आणि मॅहोवाल्ड यांनी दाखवले होते. स्वप्नात माणूस ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्याला मारतो. २०१९ मध्ये जगभरातल्या २४ केंद्रांनी अशा १२८० रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्या हिशेबाने बारा वर्षांत सुमारे ७३ टक्के जणांना कंपवात किंवा त्याच्या जातकुळीतला स्मृतिभ्रंश होतो. घरात मात्र ‘बाबा झोपेत बडबडतात’ म्हणून गोष्ट हसण्यावारी जाते. पुढे पाय दारात चिकटल्यासारखे होतात, पाऊल उचलत नाही, तेव्हा हाडांच्या डॉक्टरकडे फेरी होते आणि रात्रीच्या लाथांचा उल्लेख कोणी करत नाही. झोप आणि चाल एकाच देठाची आहेत हे ठाऊक असते, तर हा धागा वर्षानुवर्षे आधी हाती लागला असता.

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला असा, की जागृती ही एकट्या मस्तिष्कस्तंभाची मालकी नाही. मध्यमस्तिष्कात छेद दिलेल्या प्राण्यांची नीट शुश्रूषा केली, तर काही काळाने त्यांच्या मोठ्या मेंदूत जागेपणाच्या लहरी परततात. ओरेक्सिन आणि झोपवणाऱ्या पेशी अधश्चेतकात आहेत, हेही खरे. म्हणून देठ हा जागेपणाचा एकमेव झरा आहे असे या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. तरीही २०११ मध्ये सेपर आणि फुलर यांच्या गटाने उंदरांमध्ये सेतूच्या वरच्या भागातल्या पेशी नष्ट केल्यावर ते गाढ बेशुद्धीत गेले आणि माणसांतही तिथल्या छोट्याशा इजेने गाढ बेशुद्धी येऊ शकते. मोठ्या मेंदूचा एक अख्खा गोलार्ध गमावूनही माणूस जागा राहू शकतो. दुसरा आक्षेप असा, की हे सारे मांजरा-उंदरांचे शास्त्र आहे, दोन पायांच्या माणसाला ते लागू कसे होणार? यात तथ्य आहे. माणूस पाऊल टाकताना मोठ्या मेंदूवर चतुष्पादांपेक्षा जास्त विसंबतो. २००५ पासून कंपवाताच्या रुग्णांत पेडंक्युलोपॉन्टाइन केंद्राला विद्युतप्रवाह देण्याचे प्रयोग झाले. काहींचे पडणे कमी झाले, काहींना उपयोग झाला नाही. पण दोन पायांवर तोल सांभाळणे हे चार पायांपेक्षा अवघड असल्यामुळेच ताण आणि तोल राखणाऱ्या देठावरचा माणसाचा भार हलका होत नाही, वाढतो. तिसरा आक्षेप नैतिक आहे. हे ज्ञान पुष्कळ प्राण्यांच्या वेदनेवर उभे राहिले आहे. या ऋणाला उत्तर देता येत नाही. ते मान्य करणे आणि मिळालेले ज्ञान वाया न घालवणे एवढेच आपल्या हाती आहे.

जागेपणा आणि जाणीव यांतला फरक महाराष्ट्राने एका दुःखद प्रसंगातून जवळजवळ बेचाळीस वर्षे पाहिला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. मोठ्या मेंदूची भरून न येणारी हानी झाली. मस्तिष्कस्तंभालाही मार बसला होता, पण त्याचे मूळ काम शाबूत राहिले. त्या स्वतः श्वास घेत, घास गिळत, डोळे उघडत, झोपत आणि जाग्या होत. भोवतालच्या जगाशी त्यांचे अर्थपूर्ण नाते मात्र परतले नाही. लेखिका पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तीन डॉक्टरांच्या समितीच्या अहवालाच्या आधारे त्या मृत नाहीत, त्यांचा मस्तिष्कस्तंभ काम करतो आहे, हे न्यायालयाने नोंदवले. अन्न बंद करण्याची विनंती फेटाळली आणि अशा प्रकरणांत उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट कायद्यात मोकळी केली. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना १८ मे २०१५ पर्यंत, अखेरच्या दिवसापर्यंत, सांभाळले. त्या शुश्रूषेपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. वैद्यकाच्या दृष्टीने हा दाखला असे सांगतो, की मोठ्या मेंदूची हानी झाली तरी देठ माणसाला जागे ठेवू शकतो, पण एकटा जाणते करू शकत नाही. याच्या उलट बाजूला आणखी एक अवस्था आहे. सेतूच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर माणूस पूर्ण जाणता राहतो, पण डोळे वरखाली करण्यापलीकडे त्याला जवळजवळ काहीच हलवता येत नाही. सज्जता आणि जाणीव यांची फारकत किती भीषण असते, हे या दोन टोकांवरून कळते.

मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू म्हणजे खरा मृत्यू नव्हे, हा आक्षेप तर रुग्णालयाच्या ओसरीत रोज ऐकू येतो. हात गरम आहे, हृदय चालू आहे, मग हे कसे मानायचे? नातेवाइकांचा हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याला उत्तर द्यायचे तर डॉक्टर खाटेपाशी काय तपासतात ते सांगावे लागते. बाहुलीवर प्रकाश टाकतात, तेव्हा मध्यमस्तिष्काची परीक्षा होते. डोळ्याच्या पारदर्शक पटलाला कापसाचा स्पर्श करतात आणि कानात थंड पाणी सोडून डोळे फिरतात का ते पाहतात, तेव्हा सेतूची. घशाला आणि श्वासनलिकेला चेतवून खोकला येतो का पाहतात आणि शेवटी, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देऊन, यंत्राशिवाय एक तरी श्वास आपणहून येतो का याची वाट पाहतात, तेव्हा मस्तिष्कपुच्छाची. देठाचा प्रत्येक मजला असा वरून खालपर्यंत विचारला जातो आणि कुठूनही उत्तर येत नाही. जाग नाही, श्वास नाही, आणि दोन्ही परत येण्याची शक्यताही नाही. हृदयाला स्वतःची लय असते, म्हणून ते प्राणवायू मिळत असेपर्यंत धडधडते. अरुणा शानबाग यांची अवस्था आणि ही अवस्था यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण सामान्य बोलण्यात दोन्हीला ‘मेंदू गेला’ असेच म्हणतात. ही सरमिसळ अवयवदानाच्या निर्णयाला आडवी येते. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली वैद्यकीय इच्छापत्राची सोय वापरतानाही ती आडवी येते. कायदाही पुरता निर्दोष नाही. त्याची व्याख्या अवयवदानाशी जोडलेली असल्याने दान नाकारणाऱ्या कुटुंबाला यंत्र कधी थांबवायचे याचे स्पष्ट उत्तर मिळत नाही. तो गोंधळ दूर करायलाच हवा. मात्र व्याख्येचा पाया चुकीचा आहे, असे त्यावरून ठरत नाही.

आज या विषयाची गरज वाढली, याची कारणे आपल्या रस्त्यांवर दिसतात. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा इथल्या कारखान्यांत पाळ्या बदलतात, तेव्हा कामगारांच्या बसगाड्या शहरातून जातात. रात्रपाळीहून परतणाऱ्याच्या मेंदूत झोपेचे बळ आणि जागेपणाचे बळ यांची ओढाताण चाललेली असते. त्या ओढाताणीत काही सेकंदांची डुलकी, माणसाच्या नकळत, लागून जाते. दुचाकीवर किंवा समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर तेवढी डुलकी जिवावर बेतते. तिला निष्काळजीपणा म्हणून दोष देऊन भागत नाही. देठातल्या जागवणाऱ्या पेशी इच्छाशक्तीच्या हुकमाखाली नसतात. त्यांना हवी असते झोप. हेल्मेट, पाळ्यांचे माणुसकीचे वेळापत्रक, चालकांच्या विश्रांतीचे नियम यांकडे या ज्ञानातून पाहिले, की त्या शरीराच्या रचनेतून आलेल्या गरजा आहेत हे पटते. वृद्धांचे पडणे ही अशीच दुसरी गोष्ट. घरातले आजोबा मोरीत घसरले की आपण फरशीला दोष देतो. चाल मंदावणे, वळताना अडखळणे, दिवसा पेंगणे आणि रात्री झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे एकत्र दिसतात का, हे विचारले जात नाही. सर्वच पडण्यांचे मूळ देठात नसते, गुडघे, नजर आणि औषधेही कारणीभूत असतात. पण एकत्र विचारण्याची सवय लागली, तर जिथे ते मूळ आहे तिथे ते वेळेवर सापडेल.

या पुस्तकातले लेख म्हणूनच अवयवांच्या यादीप्रमाणे लावलेले नाहीत. वाचकाला आधी चालत्या शरीराची, मग जागृतीची आणि मग झोपेची ओळख करून देऊन, तिन्ही जिथे मिळतात त्या आजारांकडे आणि शेवटी कायदा व नीतीच्या प्रश्नांकडे नेण्याचा हा प्रयत्न आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्यात अभ्यासक्रमाची जागा घेणारे काही सापडणार नाही. पण वेगवेगळ्या विषयांत विखुरलेले धागे इथे त्याला एकत्र दिसतील. इतर वाचकाकडून कोणत्याही पूर्वतयारीची अपेक्षा नाही. जिथे मराठी संज्ञा रुळलेली आहे तिथे ती घेतली आहे, जिथे नाही तिथे प्रचलित शब्दच ठेवला आहे. मतभेद असतील तिथे एकाच बाजूचा निकाल दिलेला नाही, दोन्ही बाजूंचा पुरावा मांडला आहे. कारण हे शास्त्र अजून वाहते आहे. सेतूच्या ज्या पेशींवर गेल्या दहा वर्षांत प्रकाश पडला, त्यांच्याविषयीची आजची विधाने उद्या सुधारली जातील. पुस्तकाचा मुख्य आग्रह मात्र टिकेल असे मला वाटते. वरचे ते श्रेष्ठ आणि खालचे ते यांत्रिक, ही मेंदूची उतरंड आपण समाजातून उचलून शरीरावर लादली आहे. पुरावा तिला आधार देत नाही. मोठ्या मेंदूचा प्रत्येक विचार त्या देठाने जागे ठेवलेल्या मेंदूतच उमटतो आणि त्याने सावरलेल्या देहातूनच कृतीत उतरतो.

वाचकाला एक विनंती. हे पुस्तक वाचून झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न एकाच वेळी विचारावेत : चालताना पाय अडतो का, आणि झोपेत हातपाय झाडले जातात का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले, तर मज्जाविकारतज्ज्ञांकडे जाऊन दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. आणि अवयवदानाविषयीचा आपला निर्णय आजच, धडधाकट असताना, घरच्यांशी बोलून ठेवावा. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांवर तो निर्णय घेण्याची वेळ आणू नये.

क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर